दादाच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ : मेंदूच्या गाठीची जनुकीय तपासणी करावी का?

निशिगंध | ९ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझा दादा, वय ४१, कोथरूडला राहतो. एप्रिलमध्ये एका सकाळी दात घासताना त्याचा उजवा हात आपोआप उडायला लागला आणि पाठोपाठ मोठी फिट आली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला लागून गाठ दिसली. मे महिन्यात ऑपरेशन झालं. सर्जननी जेवढी सुखरूप निघाली तेवढी काढली, बोलण्याच्या भागाला चिकटलेली थोडी मुद्दाम ठेवली. दादा नीट बोलतोय, हिंडतोफिरतोय, फिटच्या गोळ्या चालू आहेत.

बायोप्सीचा रिपोर्ट आलाय : डिफ्यूज ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची, आसपास पसरत जाणारी गाठ), ग्रेड २. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, मॉलिक्युलर तपासणी करून मग नक्की निदान करावं अशा अर्थाची एक ओळ आहे. घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, "गाठ काढली ना? आता कशाला पैसे घालवताय?" वहिनीच्या मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर पाठवलंय की आता नेमक्या खराब पेशींवर काम करणारी गोळी निघालीये, केमोची गरजच नाही.

ही तपासणी खरंच लागते का? तिने उपचार बदलतात का? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी कृपया लिहा.

बिबवेवाडीकर | ९ जून, रात्री ११:३४

काळजी घ्या ताई. मला यातलं कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद. इथे एक-दोन डॉक्टर मंडळी आहेत, ती सांगतील.

काचपट्टी | १० जून, सकाळी ७:१५

निशिगंध, पुण्यातच पॅथॉलॉजीत २२ वर्षं झाली, मेंदूच्या गाठी रोजच्या पाहण्यात आहेत. ती ओळ बारीक अक्षरात छापली असली तरी अख्ख्या रिपोर्टातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. काकांना माझा निरोप सांगा की निदान अजून अर्धंच झालंय.

पूर्वी आम्ही पेशींच्या दिसण्यावरून नाव द्यायचो. चांदणीसारखे फाटे फुटलेल्या दिसल्या की अॅस्ट्रोसायटोमा, गोल केंद्रक आणि भोवती मोकळी पांढरी कड दिसली की ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. मधल्यामधल्या गाठींवर एकाच काचेसमोर (स्लाइडसमोर) बसून दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत व्हायचं नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात पहिल्यांदा जनुकीय बदल गाठीच्या नावातच घातला गेला आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीने मोठ्या माणसांमधल्या डिफ्यूज ग्लायोमाची तीन घराणी पक्की केली : आयडीएच हे जनुक बदललेला अॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच बदललेला आणि १पी/१९क्यू (१ आणि १९ नंबरच्या गुणसूत्रांचे ठरावीक भाग) दोन्ही गमावलेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच न बदललेला ग्लायोब्लास्टोमा.

दादाची काच 'ग्रेड २' दिसतेय म्हणजे पेशी आज शांत दिसतायत, एवढंच. तशीच शांत दिसणारी गाठ यांपैकी कुठल्याही घरातली असू शकते. आयडीएच नॉर्मल असेल आणि सोबत टर्ट या जनुकाच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात) बदल, ईजीएफआर या जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा ७ नंबरचं गुणसूत्र जास्त आणि १० नंबरचं गायब, यातलं काहीही एक सापडलं, तर काचेवर कितीही गरीब दिसली तरी ती आता ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४ धरली जाते. उलट ऑलिगो निघाली तर कित्येक वर्षांच्या हिशेबाने बोलता येतं. या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तपासणी करा.

अबोली | १० जून, सकाळी ९:०२

काचपट्टींना पूर्ण अनुमोदन. माझ्या यजमानांची ऑलिगो, ग्रेड ३. यंदा नववं वर्ष चालू आहे. आमचा पहिला रिपोर्ट नुसता 'मिश्र ग्लायोमा' असा आला होता. १पी/१९क्यू ची तपासणी केली आणि आमच्या डॉक्टरांचा चेहरा बदललेला मी डोळ्यांनी पाहिला. म्हणाले, "ही गाठ औषधाला ऐकणारी आहे." मग रेडिएशन आणि पीसीव्ही ही तीन औषधांची केमो. ती सोपी नाही. त्यातल्या प्रोकार्बाझिनच्या दिवसांत जुनं चीज, आंबवलेलं काही खायचं नाही म्हणून घरात इडली बंद, आणि हे इडलीवर जगणारे! पहिला कोर्स संपला त्या दिवशी सकाळी सहाला मी इडलीपात्र चढवलं होतं.

पाषाणगाव | १० जून, दुपारी १:२०

अबोलीताई, तुमच्या डॉक्टरांच्या त्या वाक्यामागे दोन मोठ्या चाचण्यांचे २०१३ साली आलेले दीर्घकालीन निष्कर्ष आहेत. त्यातल्या अमेरिकी चाचणीत १पी/१९क्यू गमावलेल्या रुग्णांना नुसतं रेडिएशन दिलं त्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७.३ वर्षं भरलं, पीसीव्हीची जोड दिलेल्यांचं १४.७ वर्षं. ज्यांच्या गाठीत ती गुणसूत्रं शाबूत होती त्यांच्यात असा दुपटीचा फरक दिसला नव्हता. औषध तेच, काचेवरचं रूप जवळपास तेच, फरक गुणसूत्रांचा.

(मी डॉक्टर नाही. कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत काम करतो.)

चिंचेची_पानं | १० जून, दुपारी ३:४५

आयडीएच म्हणजे काय ते कोणी साध्या मराठीत सांगेल का? आमची गाडी बारावीच्या क्रेब्स सायकलवर थांबली.

पाषाणगाव | १० जून, संध्याकाळी ६:५०

मग गाडी बरोबर स्टेशनवर थांबलीय. त्या चक्रातलं आयसोसायट्रेट आठवतं? त्याचं अल्फा-कीटोग्लुटारेट करणारी एंझाइम्स आपल्या प्रत्येक पेशीत असतात, त्यांना आयडीएच म्हणतात. ग्लायोमात बहुतेक वेळा आयडीएच१ मधलं १३२ व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदलतं, आर्जिनिनच्या जागी हिस्टिडीन येतं. एवढ्या एका बदलाने ते एंझाइम भलतंच काम करू लागतं : हातातलं अल्फा-कीटोग्लुटारेट घेऊन त्याचं २-हायड्रॉक्सिग्लुटारेट करत सुटतं. हे रसायन पेशीत साचत जातं आणि डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा पुसणारी एंझाइम्स अडवून धरतं. खुणा वाढत जातात, पेशीला मोठं होऊन आपलं ठरलेलं काम धरायला लावणारी जनुकं बंद पडतात. पेशी अर्धवट वयातच अडकते आणि विभागत राहते.

ग्लायोब्लास्टोमाच्या जनुकांचं वाचन करताना २००८ मध्ये हा बदल पहिल्यांदा दिसला. तोपर्यंत आयडीएचकडे कर्करोगवाल्यांपैकी कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

वैद्यमित्र | १० जून, रात्री ९:१५

हे सगळं ठीक, पण आयुर्वेदाचाही विचार करा. गुळवेलीचा काढा रोज सकाळी अनशापोटी. प्रतिकारशक्ती वाढली की शरीर आपोआप लढतं.

धन्वंतरी_औंध | १० जून, रात्री १०:०५

वैद्यमित्र, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य, पण इथे स्पष्ट बोलायला हवं. मी मेडिकल ऑन्कॉलॉजीत आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केलेली आहे. मेंदूच्या गाठीवरच्या नव्या गोळ्यांत यकृताची एंझाइम्स वाढणं हाच मुख्य त्रास. दोन्ही एकदम चालू असतील आणि एसजीपीटी (यकृताचं एक एंझाइम) वाढलं, तर कशामुळे ते कळणार नाही आणि जे औषध उपयोगी पडतंय तेच थांबवावं लागेल. काढा, भस्म, चूर्ण, जे काही घेत असाल ते आधी डॉक्टरांना सांगा. लपवू नका, एवढीच हात जोडून विनंती.

निशिगंध, व्हॉट्सअॅपवरची गोळी बहुधा व्होरासिडेनिब. तिच्याबद्दल सविस्तर लिहीन, पण आधी गाठीचं नाव कळू दे.

मुक्ता_७३ | ११ जून, रात्री १२:४०

मला वेगळं काही सांगायचंय. कटू वाटेल, पण कोणीतरी सांगायला हवं.

बाबांना ६३ व्या वर्षी ग्लायोब्लास्टोमा. एमजीएमटी अनमिथायलेटेड, म्हणजे केमो कमी लागू पडणारी. ऑपरेशन, सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी, सगळं केलं. सात महिन्यांत गाठ परतली. तेव्हा एका ठिकाणी आम्हाला शेकडो जनुकांचं पॅनेल करायला सांगितलं. 'यातून तुमच्या बाबांच्या गाठीसाठी खास औषध सापडेल' असे शब्द होते. आईने तिच्या पाटल्या मोडल्या. तीन आठवडे रोज ईमेल उघडून बघत होते. रिपोर्ट आला बावीस पानांचा. ईजीएफआर वाढलेला, पीटेन (गाठ रोखणारं जनुक) गेलेला, टर्ट बदललेला. आणि त्याखाली, ग्लायोब्लास्टोमासाठी मान्यताप्राप्त लक्ष्यित औषध : काही नाही. बाबा तोपर्यंत मला ओळखेनासे झाले होते.

तपासणीला माझा विरोध नाही. पण 'टार्गेटेड' हा शब्द ऐकला की माणूस आशेला लागतो. पैसे भरण्याआधी समोरच्याला विचारा : हे सापडलं तर तुम्ही नेमकं काय वेगळं करणार आहात?

निशिगंध | ११ जून, सकाळी ७:३०

मुक्ता, वाचून डोळे भरले गं. तुझा प्रश्न डायरीत लिहून ठेवलाय.

धन्वंतरी_औंध | ११ जून, दुपारी २:३०

मुक्ताताई, तुमच्या बाबांच्या बाबतीत झालं ते व्हायला नको होतं. पॅनेल करायचंच तर त्यातून औषध निघण्याची शक्यता किती कमी आहे हे पैसे भरण्याआधी सांगणं आमचं कर्तव्य आहे.

ईजीएफआरचं दुखणं जुनं आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात त्यावरच्या गोळ्या चालतात, मग मेंदूत का नाही? एक तर, फुप्फुसात बदल असतो तो या प्रथिनाच्या पेशीच्या आतल्या भागात आणि त्या गोळ्या तिथेच बसतात. ग्लायोब्लास्टोमात बदल बहुतांशी पेशीबाहेरच्या भागात, त्यामुळे त्या गोळ्यांची पकड तितकी बसत नाही. दुसरं, रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत. तिच्या पेशी इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की बरीच औषधं आत शिरत नाहीत, आणि शिरलेली परत उपसून टाकणारे पंप त्याच पेशींवर बसलेले असतात. तिसरं सगळ्यात अवघड : एकाच गाठीत शेजारशेजारच्या पेशींत वेगवेगळे बदल सापडतात. एक वाट बुजवली तर उरलेल्या पेशी दुसरीने वाढतात. एर्लोटिनिब, जेफिटिनिब, ईजीएफआरविरुद्धची लस, सगळं करून झालं, ग्लायोब्लास्टोमात आयुष्य वाढलं नाही. बेव्हासिझुमॅब या औषधाने सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतं, माणूस काही काळ बरा दिसतो. पण सुरुवातीपासून देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, २०१४ मध्ये, एकूण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही.

मात्र एमजीएमटीची तपासणी वाया गेली असं समजू नका. टेमोझोलोमाइड डीएनएतल्या ग्वानिनवर मिथाइलचा तुकडा चिकटवतं. एमजीएमटी नावाचं प्रथिन तो तुकडा स्वतःच्या अंगावर ओढून घेतं आणि त्यातच खर्ची पडतं. एका रेणूची एकच दुरुस्ती. ज्या गाठीत हे जनुक मिथायलेशनमुळे बंद आहे, तिथे दुरुस्ती करणारं कोणी उरत नाही आणि औषध जास्त लागू पडतं. २००५ च्या मूळ चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं, दोन वर्षं गाठणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर. त्याच चाचणीत मिथायलेटेड असून दोन्ही उपचार मिळालेल्यांचं मध्यक २१.७ महिने होतं. वयस्कर, थकलेल्या रुग्णाला रेडिएशन, गोळ्या की दोन्ही द्यायचं, हे ठरवताना आम्ही हा रिपोर्ट रोज वापरतो.

रानवाटा | ११ जून, संध्याकाळी ७:१०

मुक्ताचं दुःख मान्य करून दुसरी बाजू. माझी मावसबहीण, २८ वर्षांची, प्लिओमॉर्फिक झँथोअॅस्ट्रोसायटोमा (हे नाव पाठ व्हायला मला आठवडा लागला). गाठ परत आल्यावर ब्राफ व्ही६००ई हा जनुकीय बदल सापडला. डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या त्यावरच्या गोळ्या चालू होऊन दीड वर्ष झालं, गाठ निम्म्याहून लहान झालीय. पहिल्या दोन महिन्यांत थंडी वाजून १०३ ताप यायचा, औषध थांबवून पुन्हा चालू करावं लागलं. मागच्या महिन्यात पर्वती चढून आली, वरून मला फोन केला.

धन्वंतरी_औंध | ११ जून, रात्री ९:४०

रानवाटा, उत्तम! ताप हा त्या जोडीचा ठरलेला त्रास. ब्राफ व्ही६००ई असलेल्या ग्लायोमात ही जोडी तपासली तेव्हा उच्च ग्रेडच्या ४५ पैकी १५ आणि कमी ग्रेडच्या १३ पैकी ९ रुग्णांच्या गाठी आकसल्या होत्या. पॅपिलरी क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची पिट्युटरीजवळची गाठ असते, तिच्यात तर ब्राफ आणि मेक ही प्रथिनं अडवणाऱ्या गोळ्यांनी १६ पैकी १५ जणांत गाठ खूपच लहान झाली. म्हणून तरुण वय आणि या विशिष्ट जातीच्या गाठी असतील तर ब्राफ बघायचंच. शेकडो जनुकं सगळ्यांनाच लागत नाहीत. कोणती चार बघायची, ते महत्त्वाचं.

पेठेतली_मी | १२ जून, सकाळी १०:२५

अवांतर : आईच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी मेंदूत गेल्या होत्या. ओसिमर्टिनिब या ईजीएफआरवरच्या गोळीने मेंदूतल्याही विरघळल्या. हे औषध ती भिंत ओलांडतं असं डॉक्टर म्हणाले होते. मेंदूत उगवलेली गाठ आणि दुसरीकडून आलेली गाठ, दोन्हींचे नियम वेगळे, हे मला तेव्हा कळलं.

निशिगंध | १२ जून, रात्री १०:५०

मंडळी, मदत करा. रिपोर्टचं दुसरं पान आज फाइलमध्ये सापडलं. त्यात लिहिलंय : आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह. एटीआरएक्स रिटेन्ड. वर काचपट्टींनी लिहिलेलं आठवलं, आयडीएच न बदललेला म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. नेटवर बघितलं तर सगळीकडे पंधरा महिने, पंधरा महिने. दादाची मुलगी तिसरीत आहे. वहिनीला अजून सांगितलं नाहीये. हात थरथरतायत.

काचपट्टी | १२ जून, रात्री ११:०४

निशिगंध, नेट बंद करा आणि हे सावकाश वाचा.

ती आयएचसीची तपासणी आहे, म्हणजे काचेवर अँटिबॉडी लावून रंग येतो का ते पाहायचं. त्यातली अँटिबॉडी फक्त एकच बदल ओळखते, आर१३२एच. ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी साधारण ९० टक्के तोच असतो, पण उरलेले या तपासणीला दिसतच नाहीत. १३२ व्याच जागी दुसरं अमिनो आम्ल आलेलं असू शकतं, किंवा बदल आयडीएच२ मध्ये असू शकतो. पंचावन्नच्या पुढचा माणूस आणि काचेवर सरळसरळ ग्लायोब्लास्टोमा, अशा वेळी ही निगेटिव्ह आली तर तिथे थांबलं तरी चालतं. दादा ४१ चा आहे आणि गाठ शांत दिसतेय. इथे निगेटिव्ह म्हणजे 'नाही' असं वाचायचं नाही, सिक्वेन्सिंग (जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचणारी तपासणी) करायचं. शेवटच्या ओळीचा अर्थ तोच होता.

आणि एटीआरएक्स हे प्रथिन शाबूत आहे, हे लक्षात घ्या. आयडीएच बदललेल्या अॅस्ट्रोसायटोमात ते बहुतेकदा हरवलेलं असतं, ऑलिगोत टिकून असतं. मी काच पाहिलेली नाही, त्यामुळे वचन देत नाही. पण आज घाबरून निष्कर्ष काढायचं काही कारण नाही.

ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत अर्ज करून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइडी मागून घ्या. हव्या त्या तपासण्या : आयडीएच१ आणि २ चं सिक्वेन्सिंग, १पी/१९क्यू, टर्ट. ब्लॉक कापताना पहिल्याच खेपेला सगळ्यासाठी पुरेसे काप काढायला सांगा, दरवेळी पृष्ठभाग सपाट करताना ऊती वाया जाते.

हिशेबनीस | १३ जून, सकाळी ८:४५

खर्चाचं : विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. बहुतेकांत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतला, त्याच आजाराच्या तपासणीचा खर्च धरलेला असतो. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी, पक्की पावती आणि रिपोर्ट, तिन्ही लागतात. चिठ्ठीवर तारीख तपासणीच्या आधीची हवी.

निशिगंध | २० जून, रात्री ११:३०

उशीर झाला, माफ करा. ब्लॉक मिळायलाच पाच दिवस गेले. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने 'पेशंटला ब्लॉक देत नाही' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला अर्ज, दादाचं आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले, तेव्हा आतल्या मॅडमनी स्वतः येऊन दिला.

मुंबईला परळला नेऊन दिला. आज पालखी पुण्यात मुक्कामाला, रस्ते बंद, म्हणून पहाटेच निघून चालत स्टेशन गाठलं आणि सिंहगड पकडली. कुरिअरने पाठवायला मन धजावलं नाही. गाडीत बसल्यावर पिशवीतून काढून पाहिला. प्लॅस्टिकच्या जाळीच्या चौकटीवर पांढऱ्या मेणाचा ठोकळा, काड्यापेटीहून लहान. काठावर पेन्सिलीने आकडा. मेणात मधोमध फिकट राखाडी तुकडा, मसुराच्या डाळीएवढा. शेजारी एक वारकरी आजी होत्या, उलट्या दिशेने मुलीकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, देवाचं आहे का काही?" मी म्हटलं, "भावाचं आहे." त्यांनी काही न विचारता त्यावर हात ठेवला.

अबोली | २१ जून, सकाळी ६:५५

निशिगंध... आता वाट बघायची. ते तीन आठवडे सगळ्यात लांब असतात. रोज एक वेळ नीट जेव.

सिंहगडकर | २१ जून, सकाळी ९:३०

वातावरण हलकं करायला खरी गोष्ट. माझ्या सासऱ्यांची गाठ जागेपणी काढली, बोलण्याच्या भागाजवळ होती म्हणून. ऑपरेशन चालू असताना एक मुलगी चित्रं दाखवत होती आणि सासरे नाव सांगत होते. घुबड आलं, ते म्हणाले "पिंगळा". ती घाबरली, बोलणं बिघडलं म्हणून सर्जनना थांबवलं. सासरे ऑपरेशन टेबलावरून म्हणाले, "अहो, नीट बघा, आकार पिंगळ्याचाच आहे." तीस वर्षं पक्षी बघण्यात घालवलेला माणूस! सर्जनसकट सगळे हसले आणि पुढचं ऑपरेशन सुरळीत पार पडलं.

निशिगंध | ८ जुलै, दुपारी ४:१२

रिपोर्ट आला. जसा आहे तसा लिहिते : आयडीएच२ आर१७२के बदल आहे. १पी/१९क्यू दोन्ही गमावलेलं. टर्ट प्रमोटर बदल आहे. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड २.

काचपट्टी, टर्टचं वाचून पुन्हा धस्स झालं. तुम्ही वर ग्रेड ४ च्या यादीत तेच लिहिलं होतं.

काचपट्टी | ८ जुलै, दुपारी ४:४०

निशिगंध! त्या यादीची पहिली अट परत वाचा : 'आयडीएच नॉर्मल असेल आणि...'. ऑलिगोत टर्टचा बदल जवळजवळ नेहमीच असतो. तीच खूण एका घरात धोक्याची आणि दुसऱ्या घरात घरचीच. म्हणून सुटं एक जनुक बघून निदान करायचं नसतं. आणि आयडीएच२ मधला हा बदल त्या अँटिबॉडीला कधीच दिसला नसता. वहिनींना सांगा.

मुक्ता_७३ | ८ जुलै, संध्याकाळी ५:२०

तुझ्या दादासाठी फार फार आनंद झाला. बाबांच्या फोटोसमोर दिवा लावला आत्ता.

धन्वंतरी_औंध | ८ जुलै, रात्री ९:१५

आता गोळीबद्दल. व्होरासिडेनिब हे बदललेलं आयडीएच१ आणि आयडीएच२ दोन्ही अडवतं आणि मेंदूत पोचावं अशाच बेताने घडवलेलं आहे. ते २-हायड्रॉक्सिग्लुटारेट तयार होणं थांबवतं. केमोसारखं पेशी मारत सुटत नाही, वाढीचा वेग रोखतं. २०२३ मध्ये आलेल्या चाचणीत ३३१ रुग्ण होते : ग्रेड २ चे, फक्त ऑपरेशन झालेले, गाठ शिल्लक किंवा परतलेली, आणि रेडिएशन-केमोची लगेच गरज नसलेले. दादाचं चित्र यात बऱ्याच अंशी बसतं. गाठ पुढे न सरकता गेलेला काळ प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) मध्यक ११.१ महिने, गोळीवर २७.७ महिने. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

हुरळून जाण्याआधी दुसरी बाजू. एकूण आयुष्य वाढतं हे या चाचणीने दाखवलेलं नाही. १० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत एसजीपीटी बरंच चढलं, म्हणून सुरुवातीचे दोन महिने दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी. दादा सिगरेट ओढत असेल तर बंद, तिने रक्तातलं औषध कमी होतं. आणि व्हॉट्सअॅपवरचं 'केमोची गरजच नाही' हे चूक. आज गरज नाही आणि ती वेळ पुढे ढकलता येईल, इतकंच म्हणता येतं. पुढे लागलंच तर रेडिएशन आणि केमोला ही जात चांगला प्रतिसाद देते, अबोलीताईंच्या घरी उदाहरण आहेच. परदेशातून औषध मागवायचं ठरलं तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे वैयक्तिक वापरासाठी फॉर्म १२-अ भरून १२-ब चा परवाना घ्यावा लागतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

निशिगंध | १६ जुलै, रात्री १०:००

आज ट्यूमर बोर्डासमोर केस ठेवली. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, तिघेही होते. मुक्ताचा प्रश्न डायरीतून वाचून विचारला : हे सापडलंय तर आता नेमकं काय वेगळं करणार? उत्तर सरळ मिळालं. रेडिएशन आत्ता नाही. तीन महिन्यांनी एमआरआय, शिल्लक तुकडा हलतोय का बघायचं. तोवर गोळीचा परवाना आणि पैशांची जुळवाजुळव. दादानेच हे निवडलं. काका सोबत होते. येताना रिक्षात म्हणाले, "खर्चातला निम्मा माझा."

पाषाणगाव | १७ जुलै, सकाळी ८:१०

काकांना नमस्कार सांगा.

सातारारोड | ११ ऑगस्ट, रात्री ११:५५

नवीन सभासद आहे, धागा शोधत इथे पोचलो. बहिणीचं मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये अॅस्ट्रोसायटोमा लिहिलंय आणि आयडीएच निगेटिव्ह. उद्यापासून रेडिएशनची तयारी करू म्हणाले. काही कळत नाहीये.

निशिगंध | १२ ऑगस्ट, रात्री १२:०३

सातारारोड दादा, मी जागी आहे. बहिणीचं वय किती? निगेटिव्ह कुठली तपासणी, आयएचसी की सिक्वेन्सिंग? एटीआरएक्सपुढे काय लिहिलंय? आणि ब्लॉक कुठे आहे?